कुंपणच शेत खाते तेव्हा : पाठीतील पाण्याची तपासणी आणि मेंदूचे स्वयंप्रतिकारक आजार

"रुग्णाच्या पाठीतले पाणी काढावे लागेल," असे डॉक्टरांनी सांगितले, की घरातील माणसांच्या काळजात धस्स होते. पाणी काढले की माणूस लुळा पडतो, जन्माची पाठदुखी मागे लागते, अशा समजुती आपल्या समाजात फार खोलवर रुजल्या आहेत. त्यामुळे संमतिपत्रावर सही करताना हात अडखळतो, 'उद्या पाहू' असे म्हटले जाते, आणि कधी कधी रुग्णाला घेऊन नातलग घरची वाट धरतात. परंतु मेंदूचे काही आजार असे आहेत, की त्यांचा पुरावा मेंदूच्या छायाचित्रात दिसत नाही, काही रुग्णांच्या बाबतीत रक्तातही सापडत नाही. तो केवळ या पाण्यात सापडतो. वेळेवर सापडला तर अंथरुणाला खिळलेली व्यक्ती पुन्हा आपल्या पायावर उभी राहू शकते.

या आजारांविषयी आणि त्यांच्या प्रयोगशाळेतील तपासणीविषयी प्रस्तुत लेखात आम्ही माहिती देत आहोत. वाचकांनी घरबसल्या निदान करावे, असा आमचा उद्देश नाही. निदान हे डॉक्टरांचेच काम आहे. परंतु डॉक्टर काय सुचवीत आहेत आणि कशासाठी, हे कुटुंबाला समजले तर निर्णय घेताना भीतीऐवजी विवेक पुढे होतो, असे आम्हांला वाटते.

रक्षकच उलटतो तेव्हा

आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती ही शेताच्या कुंपणासारखी आहे. बाहेरून जंतू शिरले, की त्यांना ओळखण्यासाठी शरीर विशिष्ट प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. प्रत्येक प्रतिपिंडाचे लक्ष्य ठरलेले असते; ते त्यालाच जाऊन चिकटते आणि पुढील कारवाईसाठी जणू खूण करून ठेवते. गोवर, कांजिण्या यांसारखे आजार एकदा होऊन गेले की सहसा पुन्हा होत नाहीत, याचे श्रेय बऱ्याच अंशी या प्रतिपिंडांना जाते.

मात्र काही वेळा ही यंत्रणा चुकते आणि प्रतिपिंडे स्वतःच्याच शरीराच्या घटकांवर चालून जातात. कुंपणच शेत खाऊ लागते. अशा आजारांना स्वयंप्रतिकारक किंवा ऑटोइम्युन आजार म्हणतात. संधिवाताचा एक प्रकार, थायरॉइडचे काही विकार, लहान वयात होणारा मधुमेह ही त्याची परिचित उदाहरणे होत. हाच हल्ला मेंदूवर झाला, तर मेंदूला सूज येते, त्याचे कार्य बिघडते. त्याला स्वयंप्रतिकारक मेंदूदाह किंवा ऑटोइम्युन एन्सेफलायटिस असे नाव आहे.

या गटात अनेक आजार मोडतात. त्यांतील सर्वांत अधिक अभ्यासला गेलेला आजार म्हणजे एन.एम.डी.ए. रिसेप्टर मेंदूदाह. आपल्या मेंदूतील पेशी एकमेकींशी रसायनांच्या द्वारे बोलतात. निरोप घेणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर तो निरोप स्वीकारणारी 'दारे' असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. एन.एम.डी.ए. रिसेप्टर हे असेच एक दार असून स्मरण, शिकणे, वागणूक आणि वास्तवाचे भान यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. प्रतिपिंडे या दारांना चिकटतात, तेव्हा पेशी ती दारे आत ओढून घेते. पृष्ठभागावरील दारांची संख्या घटते आणि निरोप पोहोचेनासे होतात. येथे एक दिलासा देणारी बाब ध्यानात घ्यावी. पेशी बहुतांशी मरत नाही, केवळ तिची दारे कमी होतात. प्रतिपिंडे दूर झाली की दारे पुन्हा पृष्ठभागावर येऊ शकतात. म्हणूनच हा आजार भयंकर असूनही बरा होण्याजोगा आहे.

२००७ चा शोध

हा आजार माणसाला पूर्वीही होत असणार. परंतु त्याला नाव नव्हते. २००५ साली चार तरुण स्त्रियांविषयीचे एक निरीक्षण प्रसिद्ध झाले. चौघींमध्ये मानसिक लक्षणे, स्मृतिभ्रंश, शुद्ध हरपणे आणि श्वास मंदावणे असा क्रम दिसला होता, आणि चौघींच्या बीजकोशात टेराटोमा या प्रकारची गाठ होती. २००७ साली जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बारा स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डालमाऊ त्या वेळी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्यरत होते. या स्त्रियांच्या रक्तात आणि मेरुद्रवात एन.एम.डी.ए. रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

टेराटोमा या गाठीत शरीरातील निरनिराळ्या प्रकारच्या ऊती आढळतात, प्रसंगी मज्जापेशीसुद्धा. गाठीतील त्या मज्जापेशींविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि तीच पुढे मेंदूवर उलटतात. अर्थात प्रत्येक रुग्णात गाठ असतेच असे नाही. पुरुष आणि लहान मुले यांच्यामध्ये ती क्वचितच सापडते. काही रुग्णांमध्ये नागीण कुळातील हर्पिस विषाणूमुळे झालेल्या मेंदूज्वरानंतर हा आजार उद्भवतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात, हर्पिस मेंदूज्वराच्या ५१ रुग्णांपैकी १४ जणांना नंतर स्वयंप्रतिकारक मेंदूदाह झाल्याचे दिसून आले. म्हणून मेंदूज्वरातून सावरू लागलेला रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा बिघडला, तर 'जुनाच आजार उलटला' असे गृहीत धरून चालत नाही; पाण्याची तपासणी पुन्हा करावी लागते.

आजाराची सुरुवात बहुधा ताप, डोकेदुखी अशा साध्या तक्रारींनी होते. त्यानंतर काही दिवसांतच झोप उडते, भीती वाटू लागते, नसलेले आवाज ऐकू येतात, घरची माणसे शत्रू भासतात. मग आकडी येते, बोलणे कमी होत होत थांबते, तोंड व हातपाय विचित्र रीतीने हलत राहतात, आणि पुढे नाडी, रक्तदाब, श्वास यांवरील नियंत्रणही ढळू शकते. लहान मुलांमध्ये आकडी, विचित्र हालचाली किंवा अचानक बोलणे बंद होणे हीच पहिली खूण असू शकते.

न्यूयॉर्क येथील पत्रकार सुझाना कॅहलन यांचे उदाहरण जगभर माहीत झाले आहे. २००९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांना संशय, भास आणि आकडी यांनी घेरले. मेंदूची छायाचित्रे निर्दोष आली. हे मद्याचे किंवा मानसिक ताणाचे परिणाम असावेत, अशीही शंका घेतली गेली. शेवटी डॉ. सुहेल नज्जार यांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितले. त्यांनी सर्व आकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्या भागातच दाटीवाटीने लिहिले. मेंदूचा एक भाग नीट काम करीत नाही, याची ती साक्ष होती. पुढे त्यांचे नमुने डालमाऊ यांच्या प्रयोगशाळेत गेले, प्रतिपिंडे सापडली, उपचार झाले आणि त्या बऱ्या होऊन पुन्हा लिहू लागल्या. २०१२ साली त्यांनी आपल्या आजारावर पुस्तकही प्रसिद्ध केले. वेळीच तो नमुना पाठवला गेला नसता, तर त्यांची रवानगी कदाचित मनोरुग्णालयात झाली असती.

पाणी कोठून येते, कसे काढतात?

ज्याला आपण 'पाठीतले पाणी' म्हणतो, त्याला शास्त्रीय भाषेत मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. येथे आपण त्याला थोडक्यात मेरुद्रव म्हणू. हा स्वच्छ, रंगहीन द्रव मेंदूच्या आतील पोकळ्यांत तयार होतो आणि मेंदू व मज्जारज्जू यांच्याभोवती फिरत राहतो. प्रौढ माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. परंतु दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. म्हणजे शरीर तो दिवसातून तीन वेळा तरी बदलते. तपासणीसाठी साधारणतः १० ते १५ मिलिलिटर द्रव घेतात, म्हणजे दोन-तीन चमचे. तेवढा द्रव शरीर काही तासांत भरून काढते.

ही पद्धत आजकालची नाही. जर्मनीतील हाइनरिख क्विंके या वैद्यांनी १८९१ साली ती रूढ केली आणि तेव्हापासून ती जगभर वापरली जात आहे. रुग्णाला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, म्हणजे मणक्यांमधील फटी उघडतात. कंबरेजवळची जागा निर्जंतुक करून बधिर करतात आणि तिसऱ्या व चौथ्या किंवा चौथ्या व पाचव्या कटिमणक्यांच्या मधून बारीक सुई आत घालतात.

लुळे पडण्याच्या भीतीला उत्तर या जागेतच आहे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू पहिल्या किंवा दुसऱ्या कटिमणक्याच्या आसपासच संपतो. त्याखाली असतात त्या द्रवात तरंगणाऱ्या सुट्या मज्जातंतू. सुई मज्जारज्जूच्या पुष्कळ खाली जाते; त्याला टोचण्यासाठी तेथे तो नसतोच. अर्थात ही तपासणी सर्वस्वी निर्धोक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. काही जणांना नंतर डोकेदुखी होते. बसल्यावर वा उभे राहिल्यावर ती वाढते आणि आडवे झाल्यावर उतरते. ती बहुधा काही दिवसांत थांबते आणि विशिष्ट बनावटीची, बोथट टोकाची सुई वापरल्यास तिचे प्रमाण कमी होते. रक्तस्राव व जंतुसंसर्ग या गुंतागुंती क्वचित होतात. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, त्याच्या रक्तातील प्लेटलेट फार कमी असतील किंवा मेंदूतील दाब वाढल्याची चिन्हे असतील, तर डॉक्टर आधी योग्य ती तपासणी करून मगच निर्णय घेतात. म्हणून चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांपासून लपवू नये.

प्रयोगशाळेत काय घडते?

नमुना आल्यावर पहिली पाहणी नेहमीची असते. द्रव स्वच्छ आहे की गढूळ, त्यात पेशी किती, प्रथिने किती, साखर किती हे पाहतात. निरोगी माणसात एका घनमिलिमीटरमध्ये पाचपेक्षा अधिक पांढऱ्या पेशी नसतात आणि मेरुद्रवातील साखर रक्तातील साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. पेशी हजारोंनी वाढलेल्या आणि साखर उतरलेली, तर जिवाणूंचा संसर्ग संभवतो. आपल्या देशात क्षयाचा मेंदूज्वर ही नित्याची बाब आहे. त्यामुळे क्षयजंतूंचा शोध घेणे अनिवार्य ठरते. हर्पिस विषाणूसाठी पी.सी.आर. ही तपासणी होते, आणि जेथे जपानी मेंदूज्वराचा प्रादुर्भाव असतो तेथे त्याचीही चाचणी करतात. स्वयंप्रतिकारक मेंदूदाहात पेशी बहुधा थोड्याच वाढलेल्या असतात, काही वेळा अजिबात वाढलेल्या नसतात.

यानंतर प्रतिपिंडांचा शोध सुरू होतो. त्याच्या मुख्यतः तीन पद्धती आहेत.

पहिली पद्धत ऊतींवरील तपासणीची. उंदराच्या जातीतील प्राण्याच्या मेंदूचे अतिशय पातळ काप काचपट्टीवर ठेवतात आणि त्यांवर रुग्णाचा मेरुद्रव सोडतात. त्यात मेंदूविरोधी प्रतिपिंडे असतील तर ती त्या कापाला चिकटतात. न चिकटलेला भाग धुऊन काढतात. मग मानवी प्रतिपिंडांना ओळखणारा, चमकणाऱ्या रंगाने युक्त असा दुसरा पदार्थ त्यावर टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट प्रकाशात कापाचे काही भाग हिरवे चमकू लागतात. मेंदूचा कोणता भाग कशा प्रकारे चमकतो, यावरून जाणकार तज्ज्ञ अंदाज बांधतात. या पद्धतीचा मोठा लाभ असा, की ज्या प्रतिपिंडांना अद्याप नाव मिळालेले नाही, त्यांचाही सुगावा तिच्यामुळे लागू शकतो.

दुसरी पद्धत पेशींवरील तपासणीची. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये एका विशिष्ट रिसेप्टरचे जनुक घालतात, त्यामुळे त्या पेशी आपल्या पृष्ठभागावर तोच रिसेप्टर तयार करू लागतात. शेजारी तशाच, परंतु ते जनुक नसलेल्या पेशी तुलनेसाठी ठेवतात. रुग्णाचा द्रव दोन्हींवर सोडतात. रिसेप्टर असलेल्या पेशी चमकल्या आणि नसलेल्या काळोख्या राहिल्या, तर प्रतिपिंड नेमके कोणाविरुद्ध आहे हे निश्चित होते. एकाच काचपट्टीवर निरनिराळ्या रिसेप्टरांच्या पेशींचे छोटे चौकोन बसवून, एकाच वेळी अनेक प्रतिपिंडांची तपासणी करता येते. यालाच अहवालात 'पॅनेल' असे म्हटलेले असते.

तिसरी पद्धत पट्टीवरील तपासणीची. यात शुद्ध केलेली प्रथिने कागदासारख्या पट्टीवर रेषांच्या रूपाने लावलेली असतात. पेशीच्या पृष्ठभागावर नव्हे, तर पेशीच्या आत असलेल्या घटकांविरुद्धची प्रतिपिंडे शोधण्यासाठी ती वापरतात. अशी काही प्रतिपिंडे शरीरात कोठेतरी दडलेल्या कर्करोगाची सूचना देणारी असतात. मात्र या पद्धतीत फिकट रेषेमुळे चुकीचा 'होकार' मिळण्याचा संभव असतो. म्हणून तो दुसऱ्या पद्धतीने पडताळून पाहणे इष्ट.

रक्त पुरेसे नाही का?

सुई टोचून हातातले रक्त घेणे सोपे, मग पाठीला हात कशाला, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. याचे उत्तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. एन.एम.डी.ए. रिसेप्टर मेंदूदाहाच्या २५० रुग्णांचे रक्त आणि मेरुद्रव असे दोन्ही नमुने तपासले गेले. मेरुद्रवात सर्वच्या सर्व २५० जणांमध्ये प्रतिपिंडे सापडली. रक्तात मात्र २१४ जणांमध्येच. केवळ रक्तावर विसंबले असते, तर ३६ रुग्णांना 'तुम्हांला हा आजार नाही' असे सांगितले गेले असते.

असे का घडते? या आजारात प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी मेंदूच्या आवरणांच्या आत येऊन ठाण मांडतात आणि तेथेच उत्पादन करतात. चोर घरातच असेल तर त्याला वेशीवर शोधून काय उपयोग?

परंतु हाच नियम सर्व आजारांना लागू नाही. एल.जी.आय.-१ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे बहुधा उतारवयातील माणसांत आढळतात. त्यांत स्मरणशक्ती झपाट्याने ढासळते, चेहरा व हात क्षणभर आखडण्याचे झटके दिवसातून अनेकदा येतात आणि रक्तातील सोडियम कमी होते. ही प्रतिपिंडे मेरुद्रवापेक्षा रक्तात अधिक सहजपणे सापडतात. डोळ्यांची नस आणि मज्जारज्जू यांवर आघात करणाऱ्या आजारातील अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्धची प्रतिपिंडेही रक्तातच तपासणे श्रेयस्कर असते. या प्रतिपिंडांचा शोध अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केला. म्हणून जाणते डॉक्टर रक्त आणि मेरुद्रव दोन्ही नमुने एकाच वेळी पाठवतात.

मेरुद्रवाचे मोल किती, हे बर्लिनच्या एका ध्रुवीय अस्वलाने दाखवून दिले. बर्लिन प्राणिसंग्रहालयातील क्नूट हे लाडके अस्वल मार्च २०११ मध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत झटका येऊन पाण्यात पडले आणि बुडून मेले. मेंदूला सूज होती, परंतु कोणताही जंतू सापडेना. त्याचे नमुने जपून ठेवले होते. २०१५ साली संशोधकांनी त्याच्या मेरुद्रवात एन.एम.डी.ए. रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे जाहीर केले. मानवेतर प्राण्यात हा आजार प्रथमच सिद्ध झाला, तोही चार वर्षे जपलेल्या थोड्याशा पाण्यामुळे.

अहवाल हाती आल्यावर

अहवालात 'पॉझिटिव्ह' असा शब्द दिसला की निदान झाले, आणि 'निगेटिव्ह' दिसला की आजार नाही, असे समजणे दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे.

एक तर, स्वयंप्रतिकारक मेंदूदाहाच्या काही रुग्णांत आज ज्ञात असलेले एकही प्रतिपिंड सापडत नाही. २०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मांडलेल्या निकषांनुसार लक्षणे, मेंदूचे छायाचित्र, मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख म्हणजे ई.ई.जी. आणि मेरुद्रवातील पेशी यांवरूनही संभाव्य निदान करता येते. प्रतिपिंडांचा अहवाल यायला अनेक दिवस लागू शकतात. संसर्गाची शक्यता पुरेशी वगळली गेली असेल तर त्यासाठी उपचार अडवून ठेवू नयेत, हा त्या निकषांमागील विचार होता.

दुसरे, नको त्या ठिकाणी हे निदान लावण्याचीही चूक घडते. २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हा आजार नसतानाही तो असल्याचे ठरवले गेलेल्या १०७ व्यक्तींची माहिती एकत्र केली गेली. त्यांतील अनेकांना प्रत्यक्षात मानसिक आजार, स्मृतिभ्रंश किंवा अन्य विकार होते, आणि अनेकदा रक्तातील अर्थहीन प्रतिपिंडांना नको तितके महत्त्व दिले गेले होते. उदाहरणार्थ, जी.ए.डी. या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे अल्प प्रमाणात मधुमेहातही असतात. थायरॉइडची प्रतिपिंडे तर निरोगी माणसांतही आढळतात. म्हणून अहवालातील शब्द आणि खाटेवरील माणूस यांचा मेळ बसतो का, हे पाहणे मेंदूविकारतज्ज्ञांचे काम आहे.

तिसरे, नमुना केव्हा घेतला यालाही महत्त्व आहे. उपचारासाठी शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन हे हजारो दात्यांच्या रक्तापासून तयार केलेले असते. त्यातील प्रतिपिंडे रुग्णाच्या रक्तात येऊन तपासणीची फसगत करू शकतात. रक्तद्रव बदलण्याच्या उपचाराने उलट रुग्णाची स्वतःची प्रतिपिंडे धुतली जातात. त्यामुळे शक्य असेल तेथे नमुने या उपचारांपूर्वीच घ्यावेत.

चौथे, रुग्ण बरा झाल्यावरही प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकून राहू शकतात. अशा वेळी वारंवार तपासणी करून आकड्यांमागे धावण्यापेक्षा रुग्णाची प्रकृती पाहणे अधिक योग्य ठरते.

उपचार आणि आशा

या आजारावर प्रथम स्टेरॉइडची मोठी मात्रा, इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणे असे उपचार करतात. गाठ असेल तर ती शस्त्रक्रियेने काढतात. एवढ्याने गुण आला नाही, तर रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे वापरली जातात. हे उपचार महाग आहेत आणि रुग्णालयातील मुक्काम महिनोन्‌महिने लांबू शकतो, हे नाकारून चालणार नाही.

पण फळही तसेच आहे. २०१३ साली ५७७ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यांतील सर्वांत लहान रुग्ण आठ महिन्यांचा आणि सर्वांत मोठा ८५ वर्षांचा होता; पाचांपैकी चार स्त्रिया होत्या. दोन वर्षांपर्यंत ज्यांची माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी ८१ टक्के रुग्ण स्वतःचे व्यवहार स्वतः करण्याइतके बरे झाले होते. उपचार लवकर सुरू झालेल्यांचे भवितव्य अधिक चांगले होते. सुधारणा कधी कधी दीड-दोन वर्षे चालू राहते. म्हणून पहिल्या महिन्यात फरक पडला नाही तरी कुटुंबाने धीर सोडू नये. दोन वर्षांत सुमारे १२ टक्के रुग्णांमध्ये आजार उलटतो, यास्तव नियमित तपासणी चालू ठेवणे जरुरीचे आहे.

बाधा नव्हे, आजार

आता एका नाजूक विषयाकडे वळणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कालपर्यंत हसतीखेळती असलेली मुलगी अचानक किंचाळू लागते, आईवडिलांना ओळखत नाही, अंग वेडेवाकडे करते, अनाकलनीय बोलते. हे पाहून भाबड्या मनाला 'बाहेरचे काही लागले' असे वाटणे अशक्य नाही. मग अंगारे-धुपारे, भगताकडे खेपा, किंवा पिशाच्च काढून टाकण्याचा आग्रह धरत धर्मगुरूंच्या दारी जाणे सुरू होते. यात जे दिवस वाया जातात, तेच उपचाराचे सर्वांत मोलाचे दिवस असतात.

याबाबतीत ख्रिस्तसभेची भूमिका निःसंदिग्ध आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातील १६७३ वा परिच्छेद सांगतो, की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही अगदी वेगळी बाब असून त्यावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे. आणि सैतान घालवण्याच्या विधीपूर्वी समोर आजार तर नाही ना, याची खातरजमा केली पाहिजे. १९९९ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या विधिग्रंथातही हीच सावधगिरी घालून दिली आहे. राज्याच्या कायद्यानेही, २०१३ पासून, भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे वा छळणे हा गुन्हा ठरवला आहे. रुग्णासाठी प्रार्थना अवश्य करावी. परंतु ती रुग्णालयाच्या वाटेवर करावी, रुग्णालयाऐवजी नव्हे.

कुटुंबाने काय करावे?

पूर्वी कोणताही मानसिक आजार नसलेल्या व्यक्तीत काही दिवसांत वा आठवड्यांत वागणूक बदलली, आणि त्यासोबत ताप, आकडी, विसरभोळेपणा, विचित्र हालचाली किंवा शुद्धीत चढउतार दिसू लागले, तर मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा. कोणते लक्षण कोणत्या तारखेला दिसले, ते वहीत लिहून ठेवावे. झटक्यांचे भ्रमणध्वनीवर चित्रण करून ठेवावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. मेंदूचे एम.आर.आय. छायाचित्र निर्दोष आले म्हणून निर्धास्त होऊ नये. या आजारात ते पुष्कळदा निर्दोषच येते. डॉक्टरांनी मेरुद्रवाची तपासणी सुचवली तर शंका मोकळेपणी विचाराव्यात, आणि रक्त व मेरुद्रव दोन्ही पाठवणार आहात का, थोडा नमुना राखून ठेवता येईल का, हे नम्रपणे विचारावे. या तपासण्या प्रत्येक गावी होत नाहीत. नमुने मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांकडे थंड ठेवून पाठवावे लागतात. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थांमध्ये या आजारांवर आपल्या देशातही काम चालू आहे. खर्च काही हजारांच्या घरात जातो. अडचण असेल तर रुग्णालयातील समाजसेवा विभागाशी बोलावे.

आणि आणखी एक. हा आजार कोणाच्या दोषामुळे होत नाही. तो वेड नव्हे, शाप नव्हे, घराण्यावरचा कलंक नव्हे. बरे होऊन घरी परतलेल्या मुलीच्या वाट्याला 'हिच्या डोक्यात मध्यंतरी काहीतरी झाले होते' अशी कुजबुज येऊ नये, तिचे शिक्षण, तिची नोकरी, तिचे लग्न यांच्या आड तो भूतकाळ येऊ नये, हे पाहणे आपल्या हाती आहे. प्रयोगशाळा प्रतिपिंडे शोधून देईल आणि डॉक्टर ती हटवतील. त्या व्यक्तीला पुन्हा आपल्यात सामावून घेण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.